दिल्लीत नांदताना

राजधानीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेली पत्रे वाचताना त्यांचे सूर दोनच असल्याचे लक्षात आले : काही वाचक दिल्लीला घाबरलेले आहेत, तर काही तिने भारावलेले आहेत. एकतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन दिल्लीत गेलेल्या आणि तेथेच अनुवादाची नोकरी केलेल्या आमच्या लेखिकेने त्यांपैकी पाच पत्रांना दिलेली उत्तरे पुढे देत आहोत.

प्रश्न : माझ्या मुलीची केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नेमणूक झाली आहे. माझे थोरले बंधू म्हणतात की दिल्लीसारखे उद्धट शहर दुसरे नाही, मुलीला पाठवू नकोस. माझे साडू तेथे चार वर्षे होते आणि ते अजूनही दिल्लीच्या आठवणी काढतात. लोकांना तेथे नेमके काय आवडते आणि काय आवडत नाही? – एक वाचक, सातारा जिल्हा

आपल्या बंधूंचे आणि साडूंचे, दोघांचेही म्हणणे मला खरे वाटते, कारण ते दोघे बहुधा एकाच दिल्लीत गेलेले नाहीत. शाहजहानने वसवलेली आणि १६४८ मध्ये राजधानी झालेली तटबंदीतली दिल्ली वेगळी. १२ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्जने दरबारात घोषणा करून कलकत्त्याहून राजधानी हलवल्यानंतर ल्युटेन्स आणि बेकर या इंग्रज वास्तुकारांनी आखलेली, १३ फेब्रुवारी १९३१ रोजी उद्घाटन झालेली नवी दिल्ली वेगळी. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी उभी केलेली लाजपत नगर, पटेल नगर, राजेंद्र नगर ही वस्ती तिसरी, यमुनेपलीकडची ‘जमुना पार’ चौथी, आणि नकाशात नसलेल्या परंतु लाखो माणसांनी भरलेल्या अनधिकृत कॉलन्या पाचवी. नोकरीनिमित्त चार वर्षे सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेल्या माणसाला दुसरी दिल्ली भेटते. रेल्वे स्टेशनवरून रिक्षा करून हॉटेल शोधणाऱ्या पाहुण्याला दिल्लीचा जो चेहरा दिसतो, तो मात्र कोणालाही आवडू नये असाच असतो.

आवडणाऱ्या गोष्टींत मी झाडांना पहिले स्थान देईन. मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसाला हे प्रथम खरे वाटत नाही. परंतु नवी दिल्ली आखतानाच रस्त्यांच्या कडेला कोणते झाड लावायचे हे ठरवलेले होते, आणि म्हणून तेथे एक रस्ता कडुनिंबाचा, एक अर्जुनाचा, एक चिंचेचा असे अजूनही दाखवता येते. कर्तव्य पथाच्या आसपासची जांभळे जून-जुलैत पिकली की झाडाखाली चादर धरून फळे झेलणारे लोक दिसतात आणि फुटपाथवर जांभळांचे ढीग लागतात. मे महिन्यात अंगाची लाही करणारी ‘लू’ वाहत असताना रस्तोरस्ती बहावा पिवळा होऊन लोंबत असतो. त्या उन्हाबद्दल माझी पुष्कळ तक्रार आहे, पण बहाव्याकडे पाहून दरवर्षी मी ती काही दिवस मागे घेत आले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, राजधानी असल्यामुळे मिळणारे फुकटचे धन. साहित्य अकादमी, संगीत नाटक अकादमी आणि ललित कला अकादमी या तिन्ही संस्था मंडी हाउसजवळच्या रवींद्र भवनात एका छताखाली आहेत, आणि त्या परिसरात संध्याकाळी व्याख्यान, नाटक किंवा मैफल नाही असे क्वचितच होते. त्यांतील पुष्कळ कार्यक्रमांना तिकीट नसते. मोहेंजोदडोची नर्तकी राष्ट्रीय संग्रहालयात काचेआड अगदी हातभर अंतरावर उभी असते. हौज खास, ग्रीन पार्क, लोदी बाग येथे सहाशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या कबरींच्या शेजारी मुले क्रिकेट खेळतात आणि पेन्शनर शाली पांघरून उन्हात बसतात. इतिहास असा पायात घोटाळणारे शहर आपल्याकडे नाही, हे पुण्याची मुलगी असूनही मला कबूल करावे लागते.

मेट्रोविषयी वेगळे काय लिहावे? २००२ च्या डिसेंबरात शाहदरा ते तीस हजारी एवढ्या छोट्या टप्प्याने ती सुरू झाली, तेव्हा लोक नुसते बसून येण्यासाठी गर्दी करत असत. ज्या शहरात बसच्या दारात लोंबकळणे हा रोजचा धर्म होता, तेथील माणसे रांगेत उभी राहायला शिकली ती मेट्रोमुळे. पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव असतो, आणि आपल्या मुलीला या शहराबद्दल पहिला विश्वास बहुधा त्याच डब्यात वाटू लागेल.

आता न आवडणाऱ्या गोष्टी. आपल्या बंधूंना जो उद्धटपणा दिसला, तो आहेच. त्याचे खापर सर्रास पंजाबी स्वभावावर फोडले जाते. मला मात्र त्याचे मूळ राजधानीपणात दिसते. सरकारी घरांचे आठ प्रकार असतात, टाइप एकपासून टाइप आठपर्यंत, आणि त्यामुळे दिल्लीत माणसाने पत्ता सांगितला की त्याचा हुद्दा आणि पगार समोरच्याला कळतो. नव्या ओळखीत तिसरे वाक्य ‘आप किस मिनिस्ट्री में हैं’ हे असते. गाडी अडवणाऱ्या हवालदाराला आपण कोण आहोत हे ऐकवण्याची जी सवय या शहराला आहे, ती येथे प्रत्येकाच्या वर कोणीतरी बसलेला आहे आणि त्या कोणाशी तरी आपली ओळख असली पाहिजे, या समजुतीतून आली आहे. कोणाचा ताफा जाणार म्हणून चौकात वीस मिनिटे उभे राहणे, जानेवारीत संचलनाच्या रंगीत तालमींमुळे कार्यालयात उशिरा पोहोचणे, कॉलनीचे लोखंडी फाटक रात्री बंद झाल्यामुळे अर्धा किलोमीटर वळसा घालणे, हे सारे त्याच झाडाचे फळ आहे. रुंद रस्ते आणि मोठ्या बागा ज्या सत्तेने दिल्या, त्याच सत्तेने ही पायऱ्यांची उतरंडही दिली.

तरीही या उद्धटपणाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या पहिल्या घरमालकिणीने पहिल्याच भेटीत यजमानांची ‘पोस्ट’, आमचा पगार, आम्ही मांसमच्छी खातो का आणि मूल अजून का झाले नाही, हे सारे दहा मिनिटांत विचारून घेतले होते. मी त्या रात्री रडले होते. पुढच्याच थंडीत मी टायफॉइडने अंथरूण धरले तेव्हा हीच बाई तीन आठवडे दोन्ही वेळा जिने चढून खिचडी घेऊन येत होती, आणि त्या खिचडीतही मीठ कमी आहे हे सांगण्याची मला सोय नव्हती. आपल्याकडचा शेजारी चौकशी करत नाही आणि बोलावल्याशिवाय येतही नाही. दिल्लीचा शेजारी दोन्ही करतो. हा सौदा ज्याला मानवतो तो तेथे रमतो.

सुरक्षिततेविषयी आपण स्पष्ट विचारलेले नाही, परंतु पत्राच्या ओळींमधून ते दिसते. दिल्लीची ही बदनामी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २३९ कक नुसार पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय दिल्लीच्या निवडून आलेल्या सरकारकडे नसून केंद्राकडे आहेत, त्यामुळे काही अघटित घडले की जाब कोणाला विचारायचा यावरच आधी वाद होतो. मुलीने मंत्रालयाच्या जवळ म्हणजे सेंट्रल सेक्रेटरिएट स्थानकावर उतरायचे असेल, तर पिवळ्या किंवा जांभळ्या मार्गावरच्या एखाद्या स्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांच्या आत घर किंवा वसतिगृह पाहावे, मग त्यासाठी भाडे दोन हजारांनी जास्त पडले तरी चालेल. स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा अंधारा तुकडा हीच दिल्लीतील मुलींची खरी अडचण असते. रात्री अकराच्या सुमारास मेट्रो थांबते, हेही तिने ध्यानात ठेवावे. बाकी तिला जाऊ द्यावे.

प्रश्न : केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीला जाण्याचा विचार आहे. आमच्या तालुक्यातील तीन मुले आधीच तेथे आहेत. जावे का? – एक विद्यार्थी, लातूर

जुने राजेंद्र नगर आणि मुखर्जी नगर या शिकवणीवर्गांच्या वस्त्यांतील मुलांना दिल्लीचे काय आवडते, असे मी अनेकदा विचारले आहे, आणि उत्तर बहुतेक वेळा एकच आले : आजूबाजूचा प्रत्येक जण तेच वाचत असतो. गावात जो मुलगा चार वर्षे ‘अजून अभ्यासच करतो आहे’ म्हणून ओशाळलेला असतो, त्याला येथे चहाच्या टपरीवर दहा समदुःखी भेटतात. हा आधार खरा आहे, त्याला कमी लेखू नये.

परंतु दिल्ली पाहिली असे म्हणणारी यांतील कित्येक मुले मेट्रोच्या दोन स्थानकांमधले शहरच पाहून परततात. एका खोलीचे प्लायवूडने दोन भाग करून दिलेली अर्धी खोली, खिडकी नसलेली, त्यावर दलालाची एका महिन्याची दलाली, आणि तळघरात चालणारी अभ्यासिका, हे त्यांचे जग असते. २७ जुलै २०२४ रोजी याच जुन्या राजेंद्र नगरात शिकवणीवर्गाच्या तळघरातील ग्रंथालयात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले, ही गोष्ट जागा पाहताना विसरू नका. तळघरातील अभ्यासिका कितीही स्वस्त आणि थंड असली तरी घेऊ नका. पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा या दोन्ही महाराष्ट्रातून देता येतात. मुलाखतीसाठी मात्र शाहजहान रोडवरच्या धौलपूर हाउसमध्ये जावेच लागते. घरच्या मंडळींना कर्ज काढावे लागणार असेल, तर पहिली खेप आपल्याच गावात किंवा पुण्यात करून पाहावी आणि दिल्लीचा विचार नंतर करावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : दरवर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या धुराच्या बातम्या येतात. ज्या शहरात श्वास घेता येत नाही तेथे राजधानी कशासाठी ठेवायची? ती दुसरीकडे का नेत नाहीत? – एक वाचक, नागपूर

आपण नागपूरहून लिहिता आहात, तेव्हा ‘दुसरीकडे’ म्हणजे कोठे हे मी ओळखले. पण राजधानी दक्षिणेकडे आणण्याचा प्रयोग एकदा झालेला आहे. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने आपल्या देवगिरीला दौलताबाद हे नाव देऊन दिल्लीतील अमीर-उमराव, सुफी आणि कारभारी तेथे नेले, आणि काही वर्षांतच हा बेत सोडून देऊन तो दिल्लीला परतला. महाराष्ट्राला भारताची राजधानी मिळाली ती एवढीच. लोक मात्र त्याच्या नावाने आजही लहरी कारभाराला तुघलकी म्हणतात.

हवेचे म्हणाल तर ती तक्रार दिल्लीविरुद्धच्या सगळ्या तक्रारींत मला सर्वांत गंभीर वाटते, कारण तिच्यापुढे शेजारधर्म आणि बहावा काही कामाचे नाहीत. समुद्र जवळ नसल्याने धूर वाहून नेणारा खारा वारा नाही. थंडी सुरू होताना वारा मंदावतो, जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार राहिल्याने झाकण ठेवल्यासारखे होते, आणि नेमक्या त्याच दोन-तीन आठवड्यांत पंजाब-हरियाणातील शेतकरी भाताचा शेतात उरलेला पेंढा म्हणजे पराली जाळतात, कारण गव्हाच्या पेरणीला मधे फार दिवस उरलेले नसतात. परंतु पराली विझल्यावरही डिसेंबर-जानेवारीत हवा वाईटच राहते, यावरून घरचा दोष किती मोठा आहे हे कळते : गाड्या, बांधकामाची धूळ, उघड्यावर जाळला जाणारा कचरा. सूक्ष्म धूलिकणांची आपल्या देशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे आणि दिल्लीची सरासरी तिच्या दुपटीहून अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस तर ५ ची आहे.

यावर काहीच झाले नाही असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये सगळ्या बस सीएनजीवर चालवण्याचा आदेश दिला, त्यानंतर २००१ मध्ये बस मिळेनात म्हणून आम्ही तासन्‌तास थांब्यावर उभे राहिलो, आणि २००२ संपेपर्यंत शहरातल्या डिझेलच्या बस खरोखर बदलल्या गेल्या. त्यानंतरची दोन-तीन वर्षे वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळी बसत नसे, हे मी स्वतः अनुभवले आहे. पुढे खासगी गाड्या इतक्या वाढल्या की ते सुख टिकले नाही.

आणि समजा राजधानी हलवली, तर मंत्री आणि सचिव तेवढे सुटतील. २०११ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या १ कोटी ६७ लाखांहून अधिक होती; ही माणसे तीच हवा घेत तेथेच राहतील, आणि त्यांच्यासाठी ओरडणारे वजनदार कोणी उरणार नाही. खासदारांनाही खोकला येतो, ही माझ्या मते दिल्लीकरांची उरलेली एकमेव आशा आहे.

प्रश्न : मराठ्यांनी एके काळी दिल्लीवर हुकमत गाजवली, मग मराठी माणूस तेथे रुजला का नाही? त्याला दिल्ली आवडत नाही काय? – एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

मराठे दिल्लीला बहुतेक वेळा मोहिमेवर गेले, मुक्कामाला नाही. १७३७ मध्ये बाजीराव पेशवे तालकटोऱ्यापाशी येऊन बादशहाला धडकी भरवून परतले. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, पण फौजेच्या खर्चासाठी लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे रुपेरी छत उतरवून त्याची नाणी पाडावी लागली. ज्याच्याकडे रसद नाही तो शहरात रुजणार कसा? खरा जम बसवला तो महादजी शिंद्यांनी. जानेवारी १७७२ मध्ये शाह आलम बादशहा त्यांच्याच पाठबळावर दिल्लीच्या तख्तावर परतला. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजजवळ इंग्रजांनी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केल्यावर हा अध्याय संपला. आज पटपडगंज हे जमुना पारमधील सोसायट्यांचे उपनगर आहे. तेथे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला आपण रणांगणावर राहतो हे माझ्याकडूनच कळले.

स्वातंत्र्यानंतर मराठी माणूस पुन्हा आला, तोही बहुधा बोलावणे आल्यावरच. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री होते, मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला, पण पुढे याच शहरात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि इंडिया इंटरनॅशनल सेंटरसारखी संस्था उभी करून गेले. १९६२ मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असे आपण म्हटले. धावून गेलेला माणूस परत येणार, हे त्या म्हणण्यातच गृहीत होते. बदलीवर आलेले आमच्यासारखे नोकरदार निवृत्तीच्या वर्षभर आधी पुण्यात फ्लॅट घेतात. दिल्ली त्यांना नावडते असे नाही, पण तिथल्या घराच्या भिंतीला खिळा ठोकताना त्यांचा हात जरा अडखळतो.

मात्र न परतणारी मराठी माणसेही आहेत, आणि त्यांच्याविषयी आपल्याकडे फार थोडे लिहिले जाते. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर गेले, तसे ते चांदणी चौकाच्या आणि करोलबागेच्या सराफीतही गेले. त्यांना रवींद्र भवन ठाऊक नसते, ल्युटेन्सशी त्यांचे देणेघेणे नसते. भट्टीच्या धगीत दिवस काढून त्यांनी घरे घेतली, मुलांना तेथेच शाळेत घातले, आणि गावाकडच्या जत्रेला वर्षातून एकदा यायचे सोडले नाही. पहाडगंजात नूतन मराठी विद्यालय आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे, आणि गणपतीत तेथे गेले की दारात आलेल्या पोरांचे मराठी ऐकू येते. त्यातले दही आंबट होत नाही, ‘खट्टे’ होते. आमच्या पिढीला हे खटकते. मला स्वतःला आताशा ते रुजल्याचीच खूण वाटते.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत १९५४ मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झाले, आणि त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, ताराबाई भवाळकर अध्यक्ष असताना तालकटोरा स्टेडियममध्ये भरले. बाजीराव जेथवर येऊन परतले, तेथे आम्ही तीन दिवस पुस्तके चाळत हिंडलो. मला त्यात भेटलेले निम्मे लोक रेल्वेने आलेले पाहुणे होते. उरलेले निम्मे मेट्रोने आले होते.

प्रश्न : आम्ही दोघे साठीच्या पुढचे आहोत. चार दिवसांत दिल्ली पाहायची आहे. कधी जावे? – एक वाचक, कोल्हापूर

फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा मध्य. थंडी सुसह्य असते, हवा पुष्कळ निवळलेली असते, सावरी फुललेल्या असतात आणि राष्ट्रपती भवनाची बाग, जिला आता अमृत उद्यान म्हणतात, याच सुमारास लोकांसाठी उघडते. नोव्हेंबर, मे आणि जून टाळा. लाल किल्ला आणि राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार हुमायूनच्या मकबऱ्यासाठी आणि शेजारच्या सुंदर नर्सरीसाठी ठेवा. चांदणी चौकात सकाळी जावे, बेडमी-पुरी आणि बटाट्याची भाजी खावी आणि गर्दी वाढण्याआधी मेट्रोने परतावे. रिक्षावाला मीटर टाकणार नाही. भाडे बसण्यापूर्वी ठरवा. आणि तिसऱ्या दिवशी भाजी-पोळीची आठवण अनावर झाली, तर कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे.